छपरावर आलेला आंबा: शेंडा मारायचा की फांदी बघून छाटायची?

प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घर दापोलीत, नगरपंचायतीच्या हद्दीत. तिथे आई-वडील राहतात, प्रश्न विचारणारे स्वतः पुण्यात. घराच्या पश्चिम अंगाला आजोबांनी लावलेला रायवळ आंबा आहे आणि त्याच्या दोन मोठ्या फांद्या मागच्या पडवीच्या सिमेंटच्या पत्र्यांवर आल्या आहेत. 2020 च्या निसर्ग वादळात शेजारचं झाड घरावर पडलेलं आईंनी पाहिलं, तेव्हापासून वारा सुटला की त्यांना झोप लागत नाही. गावातला लाकडं तोडणारा एकजण म्हणतो, "शेंडा मारून झाड अर्ध्यावर आणतो, मजुरी नको, लाकूड तेवढं माझं." हे मान्य करावं का, पावसाआधी करावं की नंतर, आणि परसातला शेवगा, चार नारळ, शिवाय छपरावर उड्या मारणारे वानर यांचं काय, एवढं विचारलं आहे.

त्या सौद्याला नाही म्हणा. बाकीचं सविस्तर सांगतो. कोकणात बागा आणि घराभोवतीची झाडं राखण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि हा प्रश्न एप्रिल-मे महिन्यात जवळजवळ याच शब्दांत येतो.

आईंची भीती खरी आहे, पण तिच्यात दोन भीती मिसळल्या आहेत. झाड मुळासकट घरावर येईल ही एक. फांदी तुटून पत्र्यावर पडेल ही दुसरी. पहिलीचं कारण जमिनीत शोधायचं असतं, दुसरीचं बेचक्यात. "किती छाटू" असं विचारण्याआधी आपल्या झाडाला यातला कुठला धोका आहे ते ठरवावं लागतं, कारण मुळं कुजली असतील तर वरून कितीही छाटलं तरी झाड भक्कम होत नाही. आणि मुळं-खोड ठणठणीत असेल तर अख्खं झाड अर्ध्यावर आणायचं कारणच उरत नाही, दोन फांद्यांचाच विचार करायचा.

म्हणून पहिलं काम वडिलांना सांगा: बुंध्याभोवती सावकाश एक फेरी मारा. पावसाचे वारे आपल्याकडे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात. त्या बाजूची माती बुंध्यापासून हात-दोन हातांवर फुगलेली किंवा चिरलेली दिसते का? दिसली तर मुळं जागा सोडू लागली आहेत. बुंध्याला किंवा जमिनीलगतच्या मुळांना फळीसारखी कडक भूछत्रं आली आहेत का? ती लाकूड आतून कुजल्याची खूण असते. कोयत्याच्या पाठीने खोड ठोकून बघा, कुठे पोकळ बोलतं का. सालीतून भुसा गळून बुंध्याशी साचला असेल तर भिरूड, म्हणजे खोडकिडा, आत शिरलेला आहे. आणि वडिलांना हेही विचारा की गेल्या चार-पाच वर्षांत झाडाच्या जवळ काही खणलं होतं का. शौचालयाची टाकी, कुंपणाची भिंत, पाण्याची पाइपलाइन, अंगणात पेव्हर ब्लॉक. दापोलीच्या बऱ्याच भागात थोड्या मातीखाली जांभा लागतो, मुळं खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात. भिंतीच्या पायासाठी एका बाजूची मुळं तोडली की झाड त्या बाजूने उघडं पडतं. वरची पानं हिरवीगार असतात, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

यातलं काहीही आढळलं तर छाटणीचा विचार थांबवा आणि माहितगार माणसाला दाखवा. तुमच्या गावातच डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे. आंब्यावर आयुष्य घालवलेली माणसं तिथे आहेत, फोटो घेऊन जा. माती फुगून झाड एका रात्रीत तिरकं झालं असेल तर मात्र कोणाची वाट बघू नका. त्या बाजूच्या खोल्या रिकाम्या करा, नगरपंचायतीला कळवा आणि झाडावर कोणालाही चढू देऊ नका.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, म्हणजे खोटी आशा नको. 3 जून 2020 ला निसर्ग रायगड किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत निरोगी, उत्तम राखलेली झाडंही आडवी झाली. सुपारीची आगरंच्या आगरं झोपली. तसं वादळ परत आलं तर कुठली छाटणी झाड उभं ठेवील याची हमी मी देणार नाही. छाटणीने नेहमीच्या वाऱ्यापावसात, आणि त्याहून जास्त म्हणजे मे महिन्यातल्या वळवात, फांदी तुटायची शक्यता पुष्कळ कमी होते. वळवाचा वारा अचानक आणि कुठूनही येतो, आणि त्या वेळी झाडावर फळाचं ओझंही असतं. घराजवळच्या आंब्याच्या फांद्या मोडल्याचे फोन मला भर जुलैपेक्षा मेच्या शेवटी जास्त येतात.

खाली सगळं ठीक निघालं असं धरून वर बघू.

वर तीन गोष्टी शोधायच्या. वाळलेल्या फांद्या, वाईट बेचकी आणि बांडगूळ. वाळकी फांदी ओळखायला सोपी, आणि ती कधीही काढता येते, मुहूर्त लागत नाही. बेचक्याचं जरा नीट बघा. दोन फांद्या जिथे फुटतात तिथे कोन मोकळा असेल आणि सालीची उंच रेघ बाहेर दिसत असेल तर जोड चांगला आहे. दोन्ही फांद्या हात जोडल्यासारख्या जवळजवळ उभ्या वाढल्या असतील आणि साल मध्ये चेपून आत गेली असेल, तर तिथे लाकूड लाकडाला धरत नाही, मध्ये नुसती साल आहे. अशा जागी पाणी साचतं, काळपट ओघळ दिसतात, आणि एक दिवस झाड उभं चिरतं. पत्र्यावर आलेल्या दोन फांद्यांपैकी एखादी अशा बेचक्यातून निघाली असेल तर ती पहिल्या नंबरावर घ्या.

बांडगूळ तर आपल्याकडच्या जुन्या आंब्यावर असतंच. फुलटोचा पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बिया फांदीवर पुसून ठेवतो. ते उपटून जात नाही, कारण त्याची मुळं फांदीच्या लाकडात शिरलेली असतात. जिथे गाठ आली आहे त्याच्या वीतभर-हातभर मागे, चांगल्या लाकडात, फांदीसकट कापावं लागतं. जाड फांदीवर असेल तर दरवर्षी वरवर कापून त्याला दमवत राहायचं, बांडगुळासाठी जाड फांदीचा बळी देऊ नये.

आता त्या शेंडा मारण्याच्या सौद्याकडे येतो.

आंब्याचा शेंडा मारला की झाड शांत बसत नाही. मुळं सगळ्या झाडाची, पानं मात्र अर्धीच, म्हणून कापलेल्या खुंटांच्या कडेने पाणसोटांचा, म्हणजे नव्या फुटव्यांचा, भारा फुटतो. सरळसोट, जोमदार, बघायला छान. पण हे पाणसोट खोडाच्या आतून आलेले नसतात, सालीखालच्या वरवरच्या थरातून आलेले असतात. दोन-तीन वर्षांत ते मनगटाएवढे होतात, आणि त्यांच्या खालचा कापलेला जाड खुंट तोवर वरून कुजायला लागलेला असतो. कुजक्या पायावर उभ्या केलेल्या या नव्या फांद्या चार-सहा वर्षांनी वाऱ्यात सुट्या होऊन पडतात. म्हणजे आज जो धोका दोन फांद्यांचा आहे तो पुढे वीस फांद्यांचा होईल. त्यात आजवर सावलीत राहिलेल्या जाड फांद्यांची साल एकदम उन्हात येते, मार्च-एप्रिलच्या उन्हात तडकते आणि भिरुडाला दार उघडतं. आणि आंबा तीन-चार वर्षं विसरायचा.

जाड जखम का वाईट, हे अमेरिकेच्या वनसेवेतल्या अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून दाखवलं. झाड कुजकं लाकूड दुरुस्त करत नाही. ते त्याच्याभोवती कूड घालून तेवढा भाग वेगळा पाडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. 1977 मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडलं, आणि त्यानंतर झाडं छाटायची पद्धत जगभर बदलली. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ एवढाच: मनगटाएवढी जखम आंबा काही वर्षांत बुजवतो. मांडीएवढी जखम बुजायच्या आत कूज आत पोहोचते. म्हणून मी बारीक फांद्या थोड्या थोड्या, दर एक-दोन वर्षांनी काढतो. एकदाच काय ते जाड कापून मोकळं व्हायला सगळ्यांना आवडतं, पण झाडाला ते झेपत नाही.

आणि सौद्यातली खरी मेख मजुरीत आहे. ज्याला मोबदल्यात लाकूड मिळणार तो बारीक फांद्यांना हात का लावील? त्याच्या टेम्पोत बसेल ते जाड लाकूड त्याला हवं. माणूस वाईट असतो असं नाही, सौदाच तसा आहे. रोजंदारी ठरवा, लाकडाचा हिशोब वेगळा ठेवा. रोख पैसे जातात, पण कुठली फांदी काढायची हे तुम्ही ठरवू शकता.

मग पत्र्यावरच्या दोन फांद्यांचं करायचं काय? बादली अंगाशी धरली तर हलकी वाटते आणि हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो, फांदीचंही तेच असतं. ओझं टोकाला जितकं जास्त तितका बेचक्यावर ताण. म्हणून टोक मागे आणायचं. फांदीच्या शेवटाकडून आत येत एखादी वर किंवा बाहेर जाणारी उपफांदी शोधायची आणि तिच्याशी मुख्य फांदी कापायची. ती उपफांदी कापलेल्या भागाच्या निदान एक तृतीयांश जाडीची असावी, म्हणजे पुढचा कारभार ती सांभाळते आणि पाणसोट कमी फुटतात. असं केल्यावर झाड छाटलेलं आहे हे दुरून कळतही नाही, आणि मला विचाराल तर चांगल्या छाटणीची तीच खूण आहे.

एकूण हिरव्या पानोऱ्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त एका वर्षात काढू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. आजोबांच्या वेळचं झाड असेल तर मी त्याच्याही बराच अलीकडे थांबतो. तरुण झाड चूक पोटात घालतं, म्हाताऱ्याला वेळ लागतो. तुमच्या झाडाला नक्की किती चालेल हे फोटो बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. गेल्या दोन वर्षांत पालवी जोरात आली का, फळ धरलं का, यावर ते ठरतं.

उलटा प्रकार मात्र होऊ देऊ नका. झाडावर चढलेला माणूस हाताला येतील त्या आतल्या फांद्या सपासप काढतो आणि टोकाला जाता येत नाही म्हणून टोकाचा झुपका तसाच ठेवतो. खालून बघणाऱ्याला वाटतं, वा, झाड मोकळं झालं, उजेड आला. प्रत्यक्षात सगळं ओझं टोकाला गेलं आणि वाऱ्यात फांदीला सावरणारी आतली पानं गेली. अशी फांदी आधीपेक्षा लवकर मोडते. छाटणी झाल्यावर मोडलेल्या फांद्यांत असले आतून सोललेले नमुने फार असतात.

पत्र्यापासून किती अंतर ठेवायचं? मी सहा ते आठ फूट धरतो, पण हे माप मार्चमध्ये काढू नका. फळं लागली की फांदी खाली येते, आणि भर पावसात भिजलेल्या पानांनी आणखी दोन हात वाकते. गेल्या पावसात फांदी कुठवर आली होती, पत्र्यावर घासल्याच्या खुणा कुठे आहेत, पन्हळीत पानं कुठे साचली होती, हे वडिलांना आठवत असेल. तेच खरं माप.

कापायची पद्धत मजुराला समोर उभं राहून सांगा. दापोलीला जाणं जमणार नसेल तर फोनवरच्या फोटोवर लाल रेघा मारून पाठवा आणि व्हिडिओ कॉल चालू ठेवा. हत्यार करवत असावं. कोयत्याने बोटाएवढं कापा, त्यापुढे नको, कारण कोयत्याचा घाव चिरफाळतो आणि पाणी धरतो. जाड फांदीला तीन घाव. पहिला खालून, खोडापासून फूटभर बाहेर, फांदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढा. दुसरा वरून, पहिल्याच्या दोन-तीन बोटं पुढे. फांदी तिथून सुटते आणि खालची साल ओरबाडून नेत नाही. तिसऱ्या घावाने राहिलेला खुंट काढायचा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे मानेभोवती गळपट्टा असावा तसा फुगवटा दिसतो. तो फुगवटा झाडाकडे ठेवायचा आणि त्याच्या लगेच बाहेर कापायचं. जखम बुजवणारं लाकूड त्या फुगवट्यातूनच येतं. खोडाशी सपाट कापलं तर तो जातो, आणि हातभर खुंट ठेवला तर खुंट कुजून कूज आत उतरते.

जखमेवर डांबर, ऑइलपेंट, शेण काही लावू नका. डांबराखाली ओल राहते आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. परदेशातले तज्ज्ञ तर जखम उघडीच ठेवा म्हणतात. आपल्याकडे आंब्याच्या बाबतीत मी एक अपवाद करतो, कारण आपल्याकडे भिरूड आहे आणि 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस आहे. मनगटापेक्षा जाड घावाला बोर्डो पेस्ट लावतो: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही. त्याच दिवशी वापरायची, उरली तर दुसऱ्या दिवशी ती तशी काम करत नाही. जी जाड साल नव्याने उन्हात आली असेल तिलाही हाच हात मारून घ्या.

वेळ. वाळकं, मोडकं, चिरलेलं आजच काढा. मनगटापर्यंतच्या हिरव्या फांद्या आंबे उतरवल्यावर लगेच, म्हणजे मेअखेर ते पहिला पाऊस एवढ्या छोट्या फटीत. आंबा पक्व काडीच्या टोकाला मोहरतो. आत्ता कापलं तर नव्या पालवीला जुनं व्हायला हिवाळ्यापर्यंत वेळ मिळतो आणि मोहर फारसा चुकत नाही. त्याहून जाड काही काढायचं असेल आणि धोका लगेचचा नसेल, तर मी पाऊस संपायची वाट बघतो, ऑक्टोबर-नोव्हेंबर. भर पावसात जाड जखम करणं म्हणजे बुरशी आणि भिरूड दोघांना आमंत्रण. ऑक्टोबरात कापल्यावर त्या बाजूला पुढच्या मोसमात आंबा येणार नाही, हे आईंना आधीच सांगून ठेवा. झाडांच्या मालकांची माझ्यावरची बहुतेक नाराजी या एकाच कारणाने असते.

मे महिन्यातल्या छाटणीत एक अडचण असते, कावळ्यांची घरटी. घरटं किती उंचीवर यावरून पावसाचा अंदाज बांधणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत, पण अंदाज राहू दे, पिल्लं असतील तर ती फांदी महिनाभर सोडा. पानं शिवून राहणाऱ्या तांबड्या मुंग्यांची घरटीही बघून ठेवा. त्या झाडावरचे किडे खातात म्हणून मला आवडतात, पण वर चढलेल्या माणसाचा तोल त्यांच्या चावण्याने गेलेला मी पाहिला आहे. आंब्याचा चीक डोळ्यात आणि कातडीवर वाईट, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चष्मा हवाच.

सुरक्षेत तुमच्या घराची खरी भीती पत्र्याची आहे. सिमेंटच्या पत्र्यावर उभं राहून कोणीही काम करायचं नाही, अगदी "मी हलका आहे" म्हणणाऱ्यानेही. जुना पत्रा सांगून फुटत नाही. पत्र्यावरची फांदी तोडून टाकायचीही नाही, दोराने उतरवायची: वरच्या भक्कम बेचक्यातून दोर घ्यायचा, फांदीला बांधायचा, खाली एकाने दुसऱ्या खोडाला दोन वेढे देऊन धरायचा आणि टोकाकडून लहान लहान तुकडे सोडायचे. वेळ दुप्पट लागतो, तेवढी मजुरी द्या. चढणाऱ्याला कमरेचा पट्टा आणि स्वतःचा वेगळा दोर हवा. खांबावरून घरात येणारी वायर फांदीजवळ असेल तर आधी महावितरणला कळवून प्रवाह बंद करून घ्या, 1912 वर तक्रार नोंदवता येते. ओली फांदी वीज वाहून नेते. आणि मुख्य लाइनला टेकलेली फांदी तुमचं कामच नाही, ती त्यांनीच काढायची.

परवानगीचं बरेच जण विसरतात. शहरी हद्दीत 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो. झाड आपलं, जमीन आपली, तरी परवानगी लागते, आणि तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं. त्यामुळे अर्ध्यावर आणण्याचा बेत तर नक्कीच त्यात बसतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे. आजोबांनी लावलेला म्हणता, तर वयाचा प्रश्न येणारच. नगरपंचायतीत वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करा, घर आणि फांद्या एकत्र दिसतील असे फोटो जोडा, कुठल्या फांद्या आणि का ते लिहा. "झाड धोकादायक आहे" एवढंच लिहिलेल्या अर्जापेक्षा अशा अर्जाचं काम लवकर होतं. गावाकडे, ग्रामपंचायत हद्दीत, मुळापासून तोडायचं असेल तर 1964 चा वेगळा कायदा आहे आणि आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही घरचीच झाडं त्याच्या यादीत आहेत.

म्हणजे आंब्याचा क्रम असा: बुंधा तपासा, अर्ज करा, वाळकं लगेच काढा, आंबे उतरल्यावर दोन फांद्यांची टोकं मागे आणा, जाड काही असलंच तर पाऊस गेल्यावर. रोजंदारीवर माणूस, करवत आणि दोर.

आता बाकीच्यांचं.

शेवग्याला मी वर सांगितलेलं जवळजवळ काहीच लागू नाही. लाकूड भुसभुशीत, फांदी लांब, शेंगांनी लगडलेली, आणि वाऱ्यात पहिली तीच मोडते. पण त्याला कितीही कापा, तो फुटतो. शेंगा संपल्या की बिनधास्त छाटा, फांद्या तीन-चार फुटांवर आणा. उंच वाढू दिला की शेंगा काढायला कोणीतरी त्यावर चढतं आणि फांदीसकट खाली येतं. शेवग्यावर चढायचं नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगा. कापलेल्या फांद्या शेजाऱ्यांना द्या, पुरल्या की लागतात.

नारळाचं अगदी उलट. त्याला छाटणी नसतेच, फक्त साफसफाई असते. नारळाला वाढणारा कोंब एकच, शेंड्यात. तो गेला की झाड गेलं. त्याच्या खोडाला साल धरून जखम बुजवायची सोयही नाही, केलेला घाव जन्मभर तसाच राहतो. पावसाआधी वाळलेली झावळं, सुकलेल्या पोयी (नारळाचे फुलोरे), जाळी आणि पडायला आलेले नारळ काढून घ्या. हिरव्या झावळांना हात लावू देऊ नका. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय असते, चांगल्या झाडावर तीस-पस्तीस झावळं असतात आणि वर्षाला साधारण बारा नवी येतात. वादळाच्या भीतीने हिरवी झावळं उतरवून झाडाची पिसं काढणारे लोक दोन वर्षांचं उत्पन्न घालवतात, आणि हिरव्या घावाच्या वासाने सोंड्या भुंगा येतो तो वेगळाच. अंगणात, जिथे मुलं खेळतात किंवा गाडी लागते, तिथल्या झाडाचे नारळ मात्र दर दीड-दोन महिन्यांनी पाडून घ्या. त्यात आळस नको.

वानरांसाठी झाड छाटू नका. छाटणीच्या निम्म्या मागण्यांमागे खरं कारण वानर असतं, आणि सहा-आठ फुटांची फट त्याला काहीच नाही, तो त्याच्या कितीतरी पट लांब झेप घेतो. फांदी मागे आणली तर उलट उंचावरून जोरात पत्र्यावर आदळतो. आंबे झाडावर पिकू न देता पाडाला आले की उतरवायचे, पत्र्यावर वाळवण घालायचं नाही, आणि पडवीवर पत्र्याच्या ऐवजी पुढेमागे काही भक्कम घालायचा विचार असेल तर तो खर्च आंबा अर्धा करण्याच्या आधी करा. फोटो टाका: एक बुंध्याचा नैऋत्येकडून, एक दोन्ही फांद्यांच्या बेचक्यांचा जवळून, आणि एक घर-झाड एकत्र. मग कुठली फांदी कुठे कापायची ते रेघ मारून सांगतो.